मोठ्या टायरची जागा

मागच्या भागाच्या शेवटी मी शक्तिमान ट्रकबद्दल बोलेन असं म्हणालो होतो. ते पुढच्या वेळी. गेल्या रविवारी सकाळी चहा घेत बसलो होतो आणि मागच्या गल्लीतून ग्राइंडरचा आवाज आला, म्हणून आजचा विषय बदलला.

भिलाई न पाहिलेल्यांसाठी सांगतो. रुआबांधा म्हणजे पोलाद कारखान्याच्या टाउनशिपच्या कडेचा, रिसालीला लागून असलेला सेक्टर. इथे रविवारी सकाळी आवाज असतात ते कुकरच्या शिट्ट्यांचे आणि भाजीवाल्याचे. ग्राइंडर कशाला? चपला घालून गेलो. आमच्या ओळखीचं एक मराठी कुटुंब आहे. कारखाना उभा राहत होता तेव्हा आजोबा तुमसरकडून इथे आले, मग वडील त्याच कारखान्यातून निवृत्त झाले. त्यांचा मुलगा अंगणात उभा होता. समोर त्याची जिप्सी, सैन्याच्या लिलावातून निघालेली, दोन हात फिरून त्याच्याकडे आलेली. भिंतीला टेकवलेले चार कोरे टायर, माझ्या मांडीपर्यंत येतील असे. आणि सुपेल्याहून आलेला मिस्त्री पुढच्या मडगार्डवर खडूनं रेघ मारून ग्राइंडर तपासत होता.

"काका, दोनच इंच कापायचंय," मुलगा म्हणाला.

मिस्त्रीनं भर घातली, "साहब, घिसेगा तो और काट देंगे."

शनिवारी तो, त्याची बहीण आणि दोन मित्र केशकालचा घाट उतरून—म्हणजे जाताना चढून, येताना उतरून—बस्तरमध्ये जायचे होते. मी म्हटलं, ग्राइंडर खाली ठेव, आधी चहा घेऊ. त्याला जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगतोय, थोडं जास्त नीट.

आधी मोठा टायर का हवा असतो, ते. ही हौस खुळी नाही, हे मी मान्य करतो. जीपसारख्या गाडीत पुढे-मागे अखंड ॲक्सल असतो आणि त्याच्या मध्ये डिफरन्शिअलचा गोळा. गाडी चिखलात किंवा दगडात अडकते ती बहुतेक वेळा या गोळ्यामुळे. चाकं चाकोरीत उतरतात, गोळा मधल्या वरंब्यावर बसतो, आणि चाकं हवेत फिरल्यासारखी फिरत राहतात. आता तुम्ही गाडीचे पाटे उंच करा, बॉडीखाली ठोकळे घाला, गाडी दिसायला हत्तीएवढी करा, गोळा जमिनीपासून होता तेवढाच राहतो. कारण तो चाकांच्या मध्यावर असतो. त्याला वर उचलणारी गोष्ट एकच, मोठा टायर. म्हणून उंची वाढवणं हे खरं तर साधन आहे. ती वाढवतात मोठ्या टायरला जागा व्हावी म्हणून.

आता हिशेब करू. मुलाच्या जिप्सीला २०५/७० आर १५ टायर होते. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा, टायरची भिंत रुंदीच्या किती टक्के. तिसरा, रिम किती इंची. गणित केलं तर टायरची एकूण उंची ६६८ मिलिमीटर येते. भिंतीला टेकवलेले टायर होते ३१ इंची, साडेदहा इंच रुंद. म्हणजे ७८७ मिलिमीटर. फरक ११९. त्याचा निम्मा, साठ मिलिमीटर, गोळ्याखाली मिळणार. सव्वादोन इंच. चिखलात सव्वादोन इंच म्हणजे फार मोठी गोष्ट आहे, हे मी स्वतः फावडं मारून शिकलोय.

पण तेच साठ मिलिमीटर वरही लागतात, पुढेही लागतात, मागेही लागतात. टायर साठ मिलिमीटर जास्त रुंद आहे, तर आत-बाहेरही जागा हवी. शिवाय पुढचं चाक वळतं. आणि वळतानाच वर-खाली होतं. ही जागा कुठून आणायची?

जीपचा इतिहास बघितला तर जागेचं भांडण पहिल्या दिवसापासून आहे. जुलै १९४० मध्ये अमेरिकी सैन्यानं १३५ कंपन्यांना कळवलं, आम्हाला एक हलकी, चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी, आणि नमुना ४९ दिवसांत. बँटम नावाच्या छोट्या, जवळजवळ बुडालेल्या कंपनीनं कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरला बोलावून तो वेळेत दिला. सैन्यानं सुरुवातीला वजनाची मर्यादा घातली होती १३०० पौंड, म्हणजे सहाशे किलोंनाही थोडं कमी. एवढ्यात चार माणसांनी ओढली तरी निघेल अशी गाडी हवी होती. ते कुणालाच जमलं नाही. शेवटी जी विलीज जीप लाखोंनी तयार झाली ती अकराशे किलोंच्या आसपास होती. टायर मात्र अरुंदच राहिला: ६.००-१६. सहा इंच रुंद, सोळा इंची रिम, उभा केला तर साधारण २८ इंच. आज तो सायकलचा वाटेल. पण अरुंद टायर वरचा पातळ चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीला पोचतो, आणि हलक्या गाडीला तेवढं पुरतं. चिखल खोल असेल तर मात्र तो कापतच जातो, हेही खरं.

त्याच काळात डॉज कंपनीला हाच प्रश्न मोठ्या प्रमाणात पडला. त्यांच्या अर्ध्या टनी सैनिकी गाडीला ७.५०-१६ टायर होते. गाडी उंच होती, अंगानं अरुंद होती, उलटायची भीती. १९४२ मध्ये त्यांनी पाऊण टनी गाडी काढली आणि तिला ९.००-१६ टायर दिले. दीड इंच जास्त रुंद, उंचीलाही मोठे. आता बघा त्यांनी जागा कशी केली. दोन चाकांमधलं अंतर वाढवलं. गाडी लांबीला आखूड केली, ११६ इंचांचा व्हीलबेस ९८ वर आणला. बॉडी बसकी केली. ॲक्सल बदलले. म्हणजे टायर मोठा झाला म्हणून गाडी उंच न करता उलट खाली आणली. ज्यांनी ही गाडी शेजारी शेजारी पाहिलीय, छायाचित्रात का होईना, त्यांना ती कशी बेडकासारखी जमिनीला धरून बसलेली दिसते ते आठवेल. माझ्या मते मोठ्या टायरला जागा करण्याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. पण त्यासाठी अख्खी गाडी नव्यानं आखावी लागली.

आपल्याकडे जीप रुजली ती मुंबईत, माझगावला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच महिंद्रांनी सुट्या भागांतून विलीज जीप जोडायला सुरुवात केली. तुमच्यापैकी ज्यांचं बालपण पन्नास-साठच्या दशकातलं आहे, त्यांना जीप म्हटलं की जी आठवते, तहसीलदाराची, निवडणुकीची, तिचं बॉनेट उंच होतं. दिव्यांच्या मध्ये उभट जाळी आणि वर चौकोनी डबा ठेवल्यासारखं बॉनेट. ही सीजे-३बी. युद्धातल्या जीपचं बॉनेट सपाट, बसकं होतं. मग हे उंच का? तर १९५३ मध्ये नवं इंजिन आलं, हरिकेन नावाचं. त्याचे आत घेणारे व्हॉल्व्ह वर डोक्यावर होते, म्हणून इंजिन उंचीला वाढलं. ते जुन्या बॉनेटखाली मावेना. विलीजनं बॉनेट उचललं आणि दिसण्याची फिकीर केली नाही. अमेरिकेत या जीपला रूपावरून बरीच नावं ठेवली गेली. आपण मात्र हेच रूप अनेक वर्षं बनवत राहिलो आणि आपल्याला तेच जीपचं खरं रूप वाटतं.

जागा करण्याची आणखी एक पद्धत सैन्यात होती. १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ जीपवर बसवायची. दोनशे किलोंच्या वरचं धूड, आणि तिची लांब नळी पुढे येणार. नळीला वाट हवी म्हणून काचेची चौकट मधोमध दुभंगलेली असायची. १० सप्टेंबर १९६५ ला खेमकरणजवळ असल उत्तरला कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद अशाच जीपवरच्या तोफेनं पॅटन रणगाडे फोडत होते. परमवीरचक्र सर्वांना माहीत आहे. मी तरुण अधिकारी असताना त्या तोफेच्या जीपा चालवणाऱ्या जुन्या ड्रायव्हरांशी बोललो आहे. ते तोफेबद्दल कमी आणि मागच्या पाट्यांबद्दल जास्त बोलायचे. वजन मागे, म्हणून पुढची चाकं हलकी, स्टिअरिंग तरंगतं. जागा तर केली, पण तिची किंमत दुसऱ्या टोकाला द्यावी लागत होती, ती ते रोज देत होते.

आता जोंगा. जोंगाचं नाव घेतलं की आमच्या वयाचे फौजी जरा हळवे होतात, मीही. नाव जबलपूरचं आहे, तिथल्या आयुध आणि गन कॅरेज कारखान्यांच्या इंग्रजी नावांतल्या आद्याक्षरांवरून. मूळ गाडी निसानची पेट्रोल नावाचीच गाडी, पी-६०, परवान्यावर जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत १९६९ पासून बनू लागली. सहा सिलिंडर, चार लिटरला थोडं कमी असं पेट्रोल इंजिन. पेट्रोल पिणं असं की पेट्रोल हे नाव तिला शोभून दिसायचं. पण ओढ! जीप जिथे दम टाकायची तिथे ही गुणगुणत जायची.

इथे मला माझी गोष्ट सांगायची आहे. या मालिकेत मी ती आजवर सांगितली नव्हती.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध. मी पलटणीचा एमटीओ होतो, म्हणजे गाड्यांचा अधिकारी. वय सव्वीस-सत्तावीस, विज्ञानाचा पदवीधर, त्यामुळे आपल्याला यंत्रातलं कळतं असा समज पक्का. ईशान्येत होतो. पावसाळा. शिधा नेणाऱ्या मोठ्या ट्रकांनी रस्त्याला अशा चाकोऱ्या पाडल्या होत्या की जोंगा त्यात उतरली की पोटावर बसायची. दर दुसऱ्या दिवशी एखादी जोंगा ओढून काढायची. मला एक उपाय सुचला. त्याच सोळा इंची रिमवर बसतील असे एक नंबर मोठे टायर मिळत होते. परवानगी मागितली असती तर कागद वर्कशॉपमधून ब्रिगेडला, ब्रिगेडमधून आणखी वर गेला असता आणि पावसाळा संपला असता. मी मागितली नाही. एका जोंगावर ते चढवले.

पुढे घासत होते. मडगार्डची आतली कड वाकवली, थोडी कापली. स्टिअरिंग किती वळावं हे ठरवणारा बोल्ट असतो, तो थोडा बाहेर काढला, म्हणजे चाक कमी वळेल. एमटी पार्कात, सपाट सिमेंटवर, डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण. कुठेही घासलं नाही. मी गाडीच्या कार डायरीत सही केली. चार दिवस ती गाडी मस्त चालली. आमच्या मेसमध्ये मी त्यावर भाषणं दिली.

पाचव्या दिवशी ती एका नाल्याकडे उतरत होती. ड्रायव्हर पाटण तालुक्यातला, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा, शांत माणूस. वळण डावीकडे. डावं चाक दगडावर चढलं आणि पाटे पूर्ण दाबले गेले. चाक वळलेलं, आणि त्याच वेळी वर आलेलं. या दोन्ही गोष्टी एकत्र मी कधी तपासल्याच नव्हत्या. टायरच्या कडेच्या गुट्ट्यांनी ब्रेकचा रबरी पाइप धरला आणि तोडला. त्या काळच्या त्या गाडीला ब्रेकची एकच लाइन. एक पाइप गेला की चारही चाकांचे ब्रेक गेले. पॅडल फळीला टेकलं. त्यानं गिअर खाली आणला, पण मोठ्या टायरमुळे गिअरची पकडही आधीसारखी राहिली नव्हती. मग त्यानं जे करायला हवं तेच केलं, गाडी दरीकडे न जाऊ देता डोंगराच्या अंगाला घातली. गाडी एका कुशीवर पडली. मागचे दोन जवान खरचटण्यावर निभावले. त्याचं मनगट आणि गळपट्टीचं हाड मोडलं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. जबाबात तो म्हणाला की उतारावर आपण आधीच पहिल्या गिअरमध्ये यायला हवं होतं. म्हणजे चूक स्वतःवर घेत होता. मी उठून सांगितलं की टायर मी बसवायला लावले, सही माझी आहे. मला लेखी नाराजी मिळाली, ती माझ्या कागदांत राहिली. मिळायलाच हवी होती. त्याचं मनगट पुढे पूर्ण वळलं नाही. गाडी चालवणं सुटलं, स्टोअरमध्ये गेला. निवृत्त झाल्यावर मी त्याच्या गावी गेलो होतो. त्यानं गुळाचा चहा दिला, डाव्या हातानं.

हे रविवारी त्या मुलाला सांगताना मिस्त्रीही ऐकत होता. त्यानं ग्राइंडरचं बटण बंद करून वायर काढली. मी काही म्हणालो नव्हतो.

पुढे नव्वदच्या दशकात सैन्यात जिप्सी आली आणि जोंगा हळूहळू गेली. १९९९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. जिप्सी मुळात डिसेंबर १९८५ मध्ये मारुतीनं बाजारात आणली, ९७० सीसीचं छोटं इंजिन. आम्ही जोंगावाले तिला पहिल्यांदा हसलो, खेळणं म्हणालो. मग ती बर्फात आणि वाळूत आमच्या पुढे जाऊ लागली तेव्हा गप्प बसलो. कारण साधं होतं, वजन. हलकी गाडी खचत नाही.

जिप्सीचीही एक खोड होती. अंगानं अरुंद होती. जुलै १९९३ मध्ये कंपनीनं काय केलं? दोन चाकांमधलं अंतर पुढे १२१० मिलिमीटरवरून १३०० केलं, मागे १२२० वरून १३१०. बरोबर नव्वद मिलिमीटर. डॉजनं पन्नास वर्षांपूर्वी केलेलं तेच. १९९६ मध्ये १३०० सीसीची किंग आली तीही या रुंद पायांवर. कारखान्याला चाकं बाहेर न्यायची होती तर त्यानं ॲक्सल रुंद केला. आपण बाजारात काय करतो? रिम आणि हबच्या मध्ये ॲल्युमिनियमची चकती घालतो आणि चाक बाहेर ढकलतो. दिसायला तेच. पण कारखान्याच्या पद्धतीत भार बेअरिंगवर जिथे पडायचा तिथेच पडतो. चकतीच्या पद्धतीत चाक बेअरिंगपासून लांब जातं, भार तरफेसारखा पडतो, स्टिअरिंग जड होतं आणि प्रत्येक खड्डा हाताला झटका देतो.

जिप्सीचे पाटे ॲक्सलच्या खाली बांधलेले असतात, जुन्या विलीजसारखेच. हौशी लोक ते ॲक्सलच्या वर नेतात. एका झटक्यात चार-पाच इंच उंची. मोठ्या टायरला भरपूर जागा. ग्राइंडरही लागत नाही. पण मग प्रॉपेलर शाफ्ट तिरका होतो, त्याचे जॉइंट खायला लागतात. जोरात ब्रेक मारला की ॲक्सल पाट्यांना पिळतो. ब्रेकचे पाइप आखूड पडतात, स्टिअरिंगचा दांडा उतरता होतो आणि गाडी खड्ड्यात आपोआप वळू लागते. यातल्या प्रत्येकाला उत्तर आहे. जाणकार माणसं ती उत्तरं देतात, आणि तशा गाड्या सुंदर चालतात. गोव्यात २०१४ पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंजची शर्यत होते, तिथल्या गाड्या बघा. त्यात चाकांची जागा केलेली असते तशीच बाकी सगळ्याची केलेली असते. शिवाय त्या तिथे ताशी दहा किलोमीटरनं जातात, पुढेमागे मदतीला माणसं असतात. केशकालच्या घाटात ट्रकांच्या रांगेत नसतात.

आणि ब्रेकचा हिशेब कुणी करत नाही. तेच पॅडल, तेच ड्रम, पण चाक ६६८ चं ७८७ झालं. जमिनीवर पोचणारा रोखण्याचा जोर १५ टक्क्यांनी कमी होतो. गिअर तितकेच लांब होतात, उतारावर इंजिन गाडीला धरत नाही. काट्यावर ६० दिसतात तेव्हा गाडी ७० च्या वर असते. पोरांना वाटतं गाडी हलकी पळतेय.

मग वाळूत, चिखलात जायचं कसं? सैन्यांनी याला दुसरं उत्तर शोधलं होतं, आणि ते बरंच जुनं आहे. राल्फ बॅगनोल्ड हा ब्रिटिश अधिकारी, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात फोर्ड मोटारी घेऊन इजिप्तच्या वाळवंटात फिरायचा. तो आणि त्याचे सोबती टायरमधली हवा कमी करून वाळू पार करायचे. १९४० मध्ये त्यानं लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभा केला तेव्हा हीच विद्या कामी आली. या तुकडीच्या जोडीला आपली माणसंही होती, हे फार जणांना ठाऊक नसतं. इंडियन लाँग रेंज स्क्वॉड्रन, घोडदळाच्या रेजिमेंटांतून निवडलेली, जाट, राजपूत, शीख, मुसलमान अशा गस्तींची. लोहाराची भट्टी आणि घोड्याची नाल बघत वाढलेली पोरं लिबियाच्या वाळूत टायरची हवा मोजत होती. १९४२ मध्ये अमेरिकेनं डकडब्ल्यू, आपण ज्याला डक म्हणतो तो पाण्यातून चालणारा ट्रक काढला. त्यात ड्रायव्हरला बसल्या जागेवरून टायरची हवा कमी-जास्त करता येत होती.

हवा कमी केली की टायर पसरतो, जमिनीवर त्याचा पंजा लांब होतो. गोळ्याची उंची थोडी कमी होते, पण मुळात गाडी खचतच नाही. डिसेंबर १९७१ मध्ये लेफ्टनंट कर्नल भवानी सिंह, जयपूरचे महाराज, आपले १० पॅरा कमांडो घेऊन थारच्या वाळूतून सिंधमध्ये शिरले आणि छाछरोवर छापा घातला. महावीरचक्र मिळालं. त्या छाप्यावर पुस्तकी बोलणारे शौर्याबद्दल बोलतात, ते योग्यच. मला मात्र नेहमी त्या ड्रायव्हरांचा विचार येतो. रात्र, दिवे बंद, वाळू, आणि उजाडण्याआधी पोचायचं.

वाळवंटात मी स्वतः दोन वर्षं काढली. आमचा नियम होता, वाळू लागली की हवा निम्मी, डांबर लागलं की पुन्हा पूर्ण. पूर्ण न भरता डांबरावर पळवली तर टायर तापून फुटतो, म्हणून प्रत्येक गाडीत पंप. दहा मिनिटांचं काम, आणि कंटाळवाणं. तरुण लोकांना ते आवडत नाही. मलाही आवडायचं नाही.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीनं ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ते आणखी स्पष्ट केलं. अपघात झाला तर विम्याचा माणूस आधी गाडीभोवती एक फेरी मारतो, हे मी मुलाच्या वडिलांना वेगळं सांगितलं.

आणि गंमत बघा. ज्या मापासाठी एवढी कापाकापी चालते, ते आता कारखानाच देतो. २०२० ची थार घ्या. २४५/७५ आर १६ टायर, म्हणजे उभा केला तर ७७४ मिलिमीटर. जुन्या जीपच्या ७११ च्या जवळपास असलेल्या टायरपेक्षा अडीच इंच मोठा. मडगार्डची कमान त्याच मापानं कापलेली, ब्रेक, गिअर, स्टिअरिंग त्याच मापाचं. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखाही तशीच. तो मुलगा म्हणाला, "काका, पण ती माझी जिप्सी नाही ना." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मलाही कुणी आज जोंगा दिली तर मी थारकडे बघणार नाही.

चहा संपल्यावर आम्ही तिघांनी एक काम केलं. नवा टायर एकच, पुढे डावीकडे चढवला. मडगार्ड न कापता. जॅक घेऊन उजवं चाक खाली लोंबकळू दिलं आणि डाव्या चाकाखाली विटा आणि फळी घालत घालत ते वर नेलं, पाटे बंप स्टॉपरच्या रबरी गुटक्याला टेकेपर्यंत. मग मुलाला आत बसवलं आणि सांगितलं, आता स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरव. हळू.

मिस्त्री चाकामागे टॉर्च घेऊन आडवा झाला होता. पाऊण वळणावर त्यानं हात वर केला. टायरची कड मडगार्डला लागली होती, ते अपेक्षितच. पण त्याला दाखवायचं होतं ते आतल्या बाजूला. त्यानं मुलाला खाली बोलावलं. मुलगा गुडघ्यावर बसून आत वाकला, आणि त्यानं स्वतःच ब्रेकच्या रबरी पाइपावर बोट ठेवलं. पाइप आणि टायरचा गुट्टा यांच्यात त्याचं बोट मावत नव्हतं.

चारही टायर सोमवारी दुकानात परत गेले. दुकानदारानं चढवलेल्या एका टायरचे पैसे कापून घेतले, ते मुलाच्या आईनं मला फोन करून सांगितलं, जरा नाराजीनंच. शनिवारी सकाळी पावणेसहाला ते निघाले, जुन्याच टायरांवर. माझ्याकडचा हवेचा गेज आणि पायपंप घेऊन गेलेत. अजून परत आलेला नाही.

पुढच्या भागात शक्तिमान, नक्की.